कच्चा सांधा

मिस्त्री वेल्डिंग डोळ्यांनी नव्हे, कानांनी तपासायचा. सांधा गार झाला की हातोडीने ठोकायचा आणि मान कलती करून ऐकायचा. आवाज बद्द आला की "कच्चा हाय" म्हणून स्वतःचंच काम कापून टाकायचा. वाया गेलेल्या रॉडवरून मी शिव्या घालायचो. तो दुसरा रॉड लावायचा.

बारामती-इंदापूर रस्त्यावर माझी उसाच्या ट्रॉल्या बनवण्याची शेड होती. सायकलवर भंगार गोळा करण्यापासून मी ती उभी केलेली. मिस्त्री इंदापूरहून एसटीने यायचा. घरी तीन मुली आणि पत्र्याची एक खोली. आठ वर्षांत त्याने पगार वाढवून मागितला नाही. घासाघीस न करणाऱ्या माणसाशी कसं वागावं, हे मला कधीच कळलं नाही.

कुवेतवर हल्ला झाला, आखातातली आपली माणसं जीव घेऊन परतायला लागली, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "शेठ, मला तिकडं जायाचंय. मुंबईचा एजंट अनुभवाचा दाखला मागतोय."

"सगळी पळून येत्यात अन् तू निघालास व्हय?"

"लढाईत मोडतंय, शेठ. मोडल्यावर वेल्डर लागतोच की."

साखर कारखाने सुरू व्हायला आले होते, नऊ ट्रॉल्या बाकी. "तेवढ्या पुऱ्या कर, मग दाखला," मी सौदा केला. त्याने पुऱ्या केल्या. मी दाखला इंग्रजीत टाइप करून घेतला आणि वेल्डरऐवजी 'हेल्पर' लिहिलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि असा कारागीर सोडायला मी काही धर्मशाळा उघडली नव्हती.

तिसऱ्या दिवशी तो मुंबईहून परत आला. मी भांडणाच्या तयारीत बसलो होतो. समोरचे चहावाले तात्या ग्लास घेऊन उभे. मिस्त्रीने दाखला टेबलावर ठेवला, त्यावर बोटाने दोनदा ठोकलं, मान कलती केली.

"शेठ, ह्यो कच्चा हाय."

"मग काप की!" मी ओरडलो.

"माझा असता तर कापला असता. तुमचा हाय."

तात्या फिस्सकन हसले. मी दाखला फाडला आणि दुसरा, खरा, करून दिला. लढाई संपायच्या आत तो सौदीला गेला.

त्याची पत्रं यायची, पण तात्यांना. आठ वर्षं पगार दिला मी, पत्र चहावाल्याला. तात्या मला ऐकू येईल अशा बेताने वाचायचे. मुलींसाठी स्लॅबची खोली झाली. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न : "नवव्या ट्रॉलीचा मागला सांधा टिकलाय का? लई घाईत केलता."

ती ट्रॉली मध्यंतरी दुरुस्तीला आली होती. कोणी बघत नाही असं पाहून मी हातोडी घेतली, मागे जाऊन ठोकून ऐकलं. खणखणीत.

हे मी त्याला अजून कळवलेलं नाही. विचारायचं असेल तर त्याने मला विचारावं.