मंगळवारच्या डॉक्टरबाई

अर्जदार : मी, कोर्टाबाहेरील अर्जलेखक. साक्षीदार : माझा धाकटा भाऊ, वय बेचाळीस, बौद्धिक दिव्यांग, न बोलणारा. ठिकाण : वाघोलीचे निवासी केंद्र. डॉक्टरबाईंचे नाव : विचारायचे राहून गेले.

दर मंगळवारी त्या येत आणि स्टेथोस्कोप प्रथम भावाच्या कानांना लावून त्याला स्वतःचे ठोके ऐकवीत. तो मान डोलावी. मगच त्या त्याला तपासीत.

"बाई, यात पेशंट कोण?" मी एकदा विचारले.

"अहो, आधी त्यांनी मला पास करायला नको?"

मग त्यांची बदली झाली. नवे डॉक्टर थेट छातीला हात घालतात, भाऊ तो झटकून टाकतो. मंगळवारी मात्र तो सकाळपासून शर्टाची बटणे सोडून फाटकापाशी बसतो.

सबब नम्र विनंती की, सदर बाईंनी एकवार यावे. अशक्य असल्यास तसे लेखी कळवावे, म्हणजे मला त्याची बटणे लावता येतील.