काठी वाजायला लागली तेव्हा

शिरपूर जैनच्या बसस्टँडवरून देवळाकडे निघालं की भागवतचं मोटार वाइंडिंगचं दुकान लागतं. विहिरीवरची जळालेली मोटार आणून टाकली की हा माणूस ती उघडून तांब्याची तार भरत बसतो, तोंडातून हूं नाही की चूं नाही. गिऱ्हाईकानं विचारलं, ‘कधी देशील?’ तर ‘उद्या.’ झालं, संपलं भाषण. बोलण्यात असा कंजूष माणूस अख्ख्या मालेगाव तालुक्यात सापडायचा नाही.

बाप जानराव मात्र नेमका उलटा. गप्पा मारल्याशिवाय त्याला अन्न पचायचं नाही. रोज सकाळी बसस्टँडच्या हॉटेलात जायचं, चहा घ्यायचा, वाशिमच्या गाडीत कोण चढलं, कोणाची पोरगी कुठं दिली, सगळं ऐकूनच घरी यायचं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले तरी गडी जातच होता. मग एक दिवस नालीवरची फरशी कोणीतरी काढून ठेवली, म्हाताऱ्याचा पाय आत गेला अन् घोटा मुरगळला. घरच्यांनी त्याला ओट्यावर बसवून टाकलं. आता बाप म्हणजे काय लोणच्याची बरणी आहे, जागेवर ठेवली की झालं?

जानराव वाळत चालला. भागवतची बायको वैजयंती एका दुपारी दुकानात डबा घेऊन आली अन् म्हणाली, ‘मामंजी आजबी अर्धी भाकर टाकून उठले. असं किती दिवस चालन?’

 भागवतनं सेन्सर मागवले, वायरिंगचा पांढरा पाईप घेतला, जुन्या मोबाईलची बॅटरी अन् आवाजाचं छोटं भोंगं बसवलं अन् बापासाठी काठी तयार केली. समोर काही आलं की काठी वाजायची, जवळ जावं तसतशी जोरात. पहिल्या काठीला समोरचा बैल कळायचा पण पायापुढचा खड्डा कळायचा नाही, म्हणून त्यानं दुसरा सेन्सर खाली तिरपा लावला. खड्ड्याचा आवाज वेगळा ठेवला. डोळ्याला रुमाल बांधून स्वतः गल्लीत फिरला. लोक हसले, हसू दे.

जानराव पुन्हा हॉटेलात जायला लागला. एकटा, कुठं न धडकता. गावानं भागवतची पाठ थोपटली. पण पंधरा दिवस झाले नसतील, म्हातारा म्हणायला लागला, ‘आज पाय दुखते.’ दुसऱ्या दिवशी म्हणे पोट बरं नाही. गेला तरी चहा पिऊन उलट्या पावली घरी. भागवतनं काठी खोलून पाहिली, तिच्यात काडीचा दोष नव्हता.

मग एक दिवस जानराव खुशीत घरी आला. हातपाय धुऊन पाटावर बसला, दुसरी भाकर मागून घेतली.

‘काय झालं आज?’ वैजयंतीनं विचारलं.

‘गोजराबाईच्या सोयाबीनवरून चाललो ना! रस्त्यावर वाळाले घातलं होतं. काठीले दाने काय कळते! बाईनं अशा शिव्या घातल्या, अशा शिव्या घातल्या...’ अन् म्हातारा हसत सुटला.

भागवतचा घास हातातच राहिला. शिव्या खाऊन माणूस खूश होतो म्हणजे काय? दुसऱ्या सकाळी दुकान न उघडता तो बापाच्या मागं मागं गेला.

बघतो तर काय, काठी वाजली की माणसं मुकाट्यानं बाजूला सरकत होती. आधी हीच माणसं लांबून हाका मारायची, ‘जानरावभाऊ, डाव्या अंगानं या, मोटरसायकल हाय. चहा झाला का हो?’ आता काठीच सांगते आहे, तर आपण कशाला घसा कोरडा करायचा? जानराव म्हणायचा, ‘राम राम, कोन हाय?’ तोवर माणूस सरकून पुढं गेलेला असायचा. हॉटेलातही बाकावर जागा झाली, पण बोललं कोणी नाही.  बापाला आपणच वाळीत टाकलं, असं भागवतला वाटलं.

त्यानं काठीचं भोंगं काढून फेकलं. मोबाईलमधली थरथरणारी इवलीशी मोटार काठीच्या मुठीत बसवली. आता जे कळायचं ते बापाच्या हाताला कळेल, गावाला ऐकू जाणार नाही.

संध्याकाळी तो देवळाच्या गल्लीत मधोमध उभा राहिला अन् बापाला समोरून यायला लावलं. पण आपण नेमके कुठं उभे राहणार ते सांगितलं नाही, परीक्षा होती ना. जानराव आला, मूठ थरथरली, तो हातभर अंतरावर थांबला. भागवत मनातून नाचला.

‘कोन हाय?’ जानरावनं विचारलं.

भागवतचं सगळं ध्यान काठीत.

‘कोन हाय म्हनतो ना?’

तरी हा गप्प. जानरावचा चेहरा उतरला. त्यानं काठी फिरवली अन् घराकडे वळला.

‘बाबा, मी हावो,’ भागवत म्हणाला.

जानराव थांबला. ‘मंग बोलत काहून नाई? गावाचं सोड, तू तरी बोललास का कवा?’

भागवतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षं एका घरात राहिला, पण बापाशी कामापुरतं बोलला. अन् डोळे गेलेल्या माणसाला गप्प बसलेलं पोरगं म्हणजे नसलेलंच पोरगं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.  

दुसऱ्या सकाळी जानराव एकटाच निघाला. दुकानासमोर आला तेव्हा भागवतचे हात तारेत गुंतले होते, गिऱ्हाईक पुढ्यात उभं होतं. त्यानं घसा खाकरला अन् भर रस्त्यात ऐकू जाईल असं म्हणाला, ‘बाबा, मी भागवत. दुकानात हावो.’

गिऱ्हाईक बघतच राहिलं. जानराव काठी टेकून उभा राहिला.

‘बरं,’ म्हणाला. ‘अजून?’

 भागवत तार खाली ठेवून रस्त्यावर आला, अन् पुढ्यातली मोटार कोणाची, ती कशी जळाली, ते बापाला सांगायला लागला.