खंडेनवमीला धुतलेली मॉडेलं

"कावून धुतलंस गं आई?" मी किंचाळलेच.

खंडेनवमीचा दिवस. आमच्या घरात वर्षभर जे जे राबतं, त्याची त्या दिवशी पूजा. अण्णांच्या दुकानातला तराजू, विळी, शिलाई मशीन, सगळं घासूनपुसून, हळदकुंकू लावून ओळीत मांडलेलं. आणि त्याच ओळीत, झेंडूची फुलं मिरवत, डॉक्टरसाहेबांचे दोन कॉम्प्युटर!

अंबाजोगाईत तेव्हा कॉम्प्युटरचे क्लास नुकतेच निघाले होते. मी कोर्स केला आणि परदेशातून परतलेल्या एका डॉक्टरांनी मला काम दिलं. टीव्हीला जोडायचे जुने घरगुती कॉम्प्युटर आणि त्यांच्यावरचे गेम जमवायचा त्यांना भारी नाद. कुठलं मशीन कुठल्या मॉडेलचं, कुठला गेम कशावर चालतो, हे वर्गवार लावून मी क्लासमधल्या डेटाबेसमध्ये भरायचं. लग्नाची पोरगी परक्याच्या बंगल्यात कशी बसणार, म्हणून मशीनं आमच्या घरी आणलेली. तेवढ्यालाही हो म्हणताना अण्णांनी दम भरला होता, "तुझ्या हातून एक जरी बिघडलं, तर हे कॉम्प्युटर बंद. पाटोद्याच्या स्थळाला होकार कळवतो."

पाटोद्याचा तो मुलगा! "आमच्यात बायका बाहेर काम करत न्हाईत," असं त्यानं चहा पितापिताच सांगून टाकलं होतं. चहा त्याच्या अंगावर ओतावा असं वाटलं होतं मला.

बाकीची मशीनं भरून झाली होती, ही दोनच उरली होती. दिसायला जुळी. काळी, रबरी बटनांची. मॉडेलचं नाव फक्त खालच्या कागदी चिठ्ठीवर, आणि त्या चिठ्ठ्यांचा आईनं साबणाच्या पाण्यात लगदा केला होता.

"लई कळकट होती गं मशीनं," ती म्हणाली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

चालू केलं की मॉडेलचं नाव टीव्हीवर येतं. पण चालू कशानं करायचं? अडॅप्टर दोन, एकेका मॉडेलचा एकेक, मॉडेलचं नाव वर छापलेलं. पिन कुठल्याही मशीनमध्ये बसते, पण चुकीच्या अडॅप्टरची बसली की वीज उलटी जाते आणि मशीन जळतं. उघडून बघायला डॉक्टरांची सक्त मनाई. आणि उद्या दसऱ्याचं सोनं द्यायला ते येणार, दोन्ही चालू करून बघणार, तेही अण्णांसमोर.

मशीनं पार वाळली तेव्हा संध्याकाळ झाली होती. देवाचं नाव घेऊन एका मशीनला एक अडॅप्टर जोडला. हात बटनापर्यंत जायचा आणि माघारी यायचा. तेवढ्यात अंगणात अण्णांच्या चपला वाजल्या.

"सरक," आई म्हणाली.

"अगं, जळलं तर?"

तिनं पदराला हात पुसला आणि भिंतीवरचं बटन दाबलं.

चर्र झालं. करपल्याचा वास घरभर पसरला.

अण्णा दारातच थांबले. "कुणाच्या हातून झालं हे?"

"माझ्या," आई म्हणाली. "धुतलं म्या, बटन दाबलं म्या. आता मलाच धाडा पाटोद्याला."

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि चहा मागितला.

डॉक्टर लई हळहळले, पण काम त्यांनी काढून घेतलं नाही. एक जळलं, म्हणजे ते त्या अडॅप्टरवरच्या मॉडेलचं नव्हतं, दुसऱ्या मॉडेलचं होतं; दोन्हीची मॉडेलं मात्र पक्की कळली. मी ती भरून टाकली. पाटोद्याला नकार अण्णांनीच कळवला.