चष्मेवालीची काटकसर

गल्लीत तिला सगळे चष्मेवाली म्हणत. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. नवरा लिफ्टच्या दुरुस्तीवर होता. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, जुन्या मधुमेहाची. सकाळ-संध्याकाळ स्वतःच इन्सुलिन टोचून घ्यायची.

नवऱ्याचा ओव्हरटाइम बंद झाला आणि चष्मेवालीचा महिन्याचा हिशेब कोलमडला. पण हातपाय गाळून बसणाऱ्यातली ती नव्हती. तिने बाहेरचा चहा सोडला, घरून थर्मास नेऊ लागली. बाजारात जायचं ते पोटभर जेवून, म्हणजे नको त्या वस्तूंवर जीव जात नाही. साबणाच्या चिपा ओल्या करून नव्या वडीला चिकटवायच्या. गीझर आधी लावून ठेवणं बंद. संध्याकाळी ताटावर बसलं की ती त्या दिवशीची बचत सांगायची आणि नवरा म्हणायचा, "आता मला श्वासही मोजूनमापून घ्यायला लावशील."

एकदा विजेचं बिल हातात घेऊन ती बोलून गेली, "आपल्या घरात सगळ्यात जास्त हा फ्रीजच खातो."

सासूने जेवता जेवता फ्रीजकडे वळून पाहिलं.

काही आठवड्यांनी सासूला सारखी तहान लागू लागली. चार पावलं चाललं की धाप. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली होती, ती जखम भरेना. डॉक्टरांनी साखर तपासली आणि त्यांचा चेहराच बदलला. "आजी, गोड खाताय का?"

"नाही हो."

औषधाचा डोस वाढला, पण साखर हटेना. चष्मेवालीच्या मनात शंकेने घर केलं. तिने साखरेचा डबा उचलून माळ्यावर ठेवला. सासूने ते पाहिलं.

"मी काय चोर आहे का गं?"

"तसं नाही, आई. पण मग साखर वाढते कशी?"

त्यानंतर दोघींचं बोलणं कामापुरतंच उरलं. दुकानात काच घासताना चष्मेवालीला तो अंगठाच दिसायचा.

एका दुपारी दुकानातलं यंत्र बिघडलं आणि मालकाने तिला लवकर सोडलं. घरी आली तर स्वयंपाकघर विचित्र शांत. फ्रीजचा आवाजच नव्हता. आता दुरुस्तीचे पैसे कुठून आणायचे, असा विचार करत ती फ्रीजमागे वाकली. मग लक्षात आलं, बटणच बंद होतं. दार उघडलं तर सासूचं इन्सुलिन जागेवर नव्हतं. तिने वरचा बर्फाचा कप्पा उघडला. सासूच्या औषधाच्या सगळ्या बाटल्या तिथे बर्फात रुतून बसल्या होत्या.

न्हाणीघरातून सासू बाहेर आली आणि दारातच थबकली.

"आई, हे काय?"

"अगं, दुपारी कोण उघडतं त्याला? तू गेलीस की बंद करते, यायच्या आधी चालू करते. तेवढा वेळ औषध गार राहावं म्हणून बर्फात ठेवते. हयगय नाही केली हो मी."

"रोज?"

"तूच म्हणालीस ना, तो फार खातो. मला कमवता तर येत नाही. म्हटलं, आपल्याकडून एवढं तरी."

चष्मेवालीने एक बाटली तळहातात धरून ऊब दिली आणि काच तपासावी तशी खिडकीच्या उजेडात धरली. नितळ असायला हवं ते औषध, त्यात बारीक कण तरंगत होते.

दोघी तशाच औषधाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं, बाटली हलवून पाहिली आणि डोक्याला हात लावला. "हे गोठलं की कामातून गेलं. सगळं फेकून द्या. हेच टोचत होतात?"

सासू मान डोलावून तिथल्या स्टुलावर बसली. चष्मेवालीला रडू आलं, ते बाटल्यांच्या किमतीमुळे नव्हतं. तिने सासूचा हात धरला. "चुकलं माझं. उगाच तुमच्यावर संशय घेतला."

"तू तरी काय करशील? मी विचारायला हवं होतं."

नव्या औषधांनी साऱ्या महिन्याची बचत खाऊन टाकली. त्या संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "आई, यापुढे काटकसर करायची ती आम्हाला सांगून. तुझ्या औषधाच्या आसपासही नाही."

"सांगेन रे बाबा," सासू म्हणाली.

साखर हळूहळू उतरली. जखमेवर खपली धरली, तरी डॉक्टरांनी पायावर लक्ष ठेवायला बजावलं. तपासून बाहेर पडल्यावर सासू म्हणाली, "चालत जाऊ, जवळच आहे."

"मुळीच नाही," म्हणत चष्मेवालीने टॅक्सी थांबवली. सासूला आधी बसवलं, तिचा पाय नीट आत घेतला, दार लावलं. घर येईपर्यंत सासू खिडकीबाहेर बघत होती. चष्मेवाली मात्र पुढे सरकून बसली होती. मीटरवरची नजर तिला हटवता येत नव्हती.