डॉक्टरांच्या जीपचा ताप

माझा थोरला भाऊ देवणीला जनावरांचा डॉक्टर होता. सरकारने त्याला दवाखाना दिला होता, वाहन दिले नव्हते. भूकंपानंतर मदतीला आलेल्या एका परदेशी संस्थेने काम आटोपल्यावर आपल्या जुन्या गाड्या विकायला काढल्या. त्यांतली एक जीप त्याने घेतली. चारही चाकांना जोर मिळणारी, नांगरटीतून आणि ओढ्यातून सरळ जाणारी ती गाडी मुळात बर्फाच्या देशासाठी बनवलेली होती. तिच्यात हीटर होता. देवणीत हीटर असलेले ते एकमेव वाहन असावे. तो दाखवा म्हणून लोक मे महिन्यात सुद्धा येत.

जीपची तक्रार एकच होती. ती तापायची.

भाऊ इंजिनाकडे पेशंट म्हणून बघायचा. बैलाच्या कानाला हात लावून ताप बघावा तसा तो बॉनेटवर तळहात ठेवायचा. "कणकण हाय," असे म्हणून थोडे थांबायचा आणि मग निघायचा. निदानाचा नियम त्याला माहीत होता. उभ्या गाडीचा काटा चढत असेल तर पंखा बघायचा, पळत्या गाडीचा चढत असेल तर रेडिएटर. हा नियम त्याने गाडीसोबत आलेल्या पुस्तकातल्या चित्रांवरून काढला होता. पुस्तकाची भाषा जिल्ह्यात कोणाला येत नव्हती. अडचण अशी, की ही जीप उभी असतानाही तापायची आणि पळतानाही.

उदगीरच्या मिस्त्रींनी तिच्यावर बरेच इलाज केले. पंख्याचा पट्टा बदलला, रेडिएटरचे झाकण बदलले, पाण्याचा पंप उघडून परत बसवला. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी एक झडप असते, थर्मोस्टॅट. ती त्यांनी काढून भावाच्या हातात दिली.

"डाक्टरसाब, ये बरफ के मुल्क की चीज है. अपने इधर इसको कौन पूछता?"

प्रत्येक इलाजानंतर दोघे गावाबाहेर एक चक्कर मारून येत. चक्कर लहान असल्यामुळे काटा जागचा हलत नसे. गुण आला, असे भाऊ जाहीर करी.

हे चालू असताना लातूरला क्लासेसचे दिवस आले होते. गल्लोगल्ली फलक लागले होते, फलकांवर गुणवंतांचे फोटो होते. कॉलेजात जागा मिळणे त्या मानाने सोपे होते. नावाजलेल्या क्लासला स्वतःची वेगळी प्रवेशपरीक्षा असायची, आणि ती वर्षातून एकदाच व्हायची. माझ्या पुतणीची दहावी झाली होती. तिला डॉक्टर व्हायचे होते. "माणसांची," असे ती वडिलांच्या देखत मुद्दाम सांगायची. तिने निवडलेल्या क्लासची परीक्षा मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी होती. मी तेव्हा नांदेडला एका दैनिकात होतो आणि रजेवर देवणीला आलो होतो.

वहिनींचे मत होते, एसटीने जावे.

"घरात गाडी असताना पोरीला एसटीनं न्यायची?" भाऊ म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"पोचली म्हणतील," वहिनी म्हणाल्या.

आम्ही चौघे जीपने निघालो. उदगीर मागे पडले तसा काटा चढू लागला. नळेगावच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली आणि भावाने गाडी एका कडुलिंबाच्या झाडाखाली घेतली. लातूरकडे जाणारी एक एसटी आमच्या हाताला न थांबता गेली. खिडक्यांत पोरांची डोकी आणि पुस्तके दिसत होती. पुतणी मागच्या सीटवरून ती बस लांब जाईपर्यंत बघत राहिली.

इंजिन जरा निवल्यावर भावाने फडके धरून रेडिएटरचे झाकण सैल केले. ते पुरेसे निवलेले नव्हते. पाणी उसळले. भाऊ वेळेवर मागे सरला, त्याचा पांढरा शर्ट सरला नाही. पाणी पिवळे होते.

"गंज," भाऊ म्हणाला.

वहिनी खाली उतरल्या. त्यांचे माहेर वसमतकडचे, हळदीच्या मुलखातले. त्यांनी शर्टावर बोट फिरवले आणि नाकाशी नेले.

"गंज कशाचा? हळद हाय ही. अन् दुकानातली हाय, आमच्याकडची न्हाई."

भावाने शर्ट झटकला. मग म्हणाला, "चमचाभर टाकली होती."

रेडिएटर बारीक गळत असेल तर त्यात चमचाभर हळद टाकतात. ती छिद्रात जाऊन बसते आणि गळती थांबते. आमच्या भागातल्या कुठल्याही ड्रायव्हरला हे माहीत असते. गळती खरेच थांबली होती. प्रश्न पुढचा होता.

"चमचाभर हळदीनं इतका रंग येतंय होय?" वहिनींनी विचारले.

"मग पुढं दर दौऱ्याला एकेक टाकत गेलो."

"गळत होती का?"

"न्हाई. गळू नये म्हणून. बूस्टर डोस."

"तुम्हीच टाकत होता ना? का अजून कोणी?"

"कंपाउंडरला सांगून ठेवलं होतं. मी विसरलो तर त्यानं टाकायची."

"तुम्ही विसरलात कधी?"

"न्हाई."

"अन् त्यो?"

"त्यो लई जबाबदार माणूस हाय," भाऊ म्हणाला.

वहिनींनी जीपकडे एकदा नीट पाहिले. "पोरीच्या लग्नाची सगळी हळद हिलाच लावून टाकली म्हणा की."

शेजारच्या शेतात ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरवाल्याने पाण्याच्या घागरी आणून दिल्या. आम्ही रेडिएटरचे खालचे बूच काढले, तेव्हा घट्ट वरणासारखे काहीतरी सावकाश बाहेर आले. चौघांनीही हात घातला, चौघांचेही हात पिवळे झाले. नवे पाणी भरून गाडी सुरू केली. काटा पुन्हा चढू लागला. आतल्या बारीक नळ्या बुजल्या होत्या, त्या घागरींना ऐकणाऱ्या नव्हत्या.

भाऊ बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

"पप्पा, हीटर लावा," पुतणी म्हणाली.

"ह्या उन्हात?"

"इंजिनाचं गरम पाणीच त्यातून फिरतंय ना? तिथली उष्णता आत येईल, तेवढं इंजिन निवेल."

भावाने विचार केला. हीटरची जाळी वेगळी होती, आणि लोकांना हीटर नुसता दाखवला जायचा; गाडी घेतल्यापासून त्यात पाणी सोडणारा कॉक कोणी उघडलाच नव्हता. म्हणजे हळदही तिथे पोहोचलेली नव्हती.

"आपण भाजून निघू की गं," तो म्हणाला.

"माझा पेपर हाय, पप्पा."

हीटर पूर्ण सोडून आणि चारही काचा खाली करून आम्ही निघालो. बाहेरून उन्हाच्या झळा येत होत्या आणि त्या आतल्या हवेपेक्षा थंड वाटत होत्या. वहिनींनी ओला पदर डोक्यावर घेतला. भाऊ नजर काट्यावर ठेवून गाडी चालवत होता. "उतरायलाय," तो हळू आवाजात म्हणाला. पेशंटच्या घरच्यांना सांगायचा त्याचा हाच आवाज होता.

लातुरात क्लासचे फाटक अर्धे लागले होते. लालबुंद चेहऱ्यांची, घामाने निथळणारी आणि कोपरापर्यंत पिवळी माणसे जीपमधून उतरली. वॉचमनने आमच्याकडे निरखून पाहिले.

"हळदीच्या मांडवातून थेट आलाव का?"

"आधी पोरीला आत घ्या, मग सांगते," वहिनी म्हणाल्या. पुतणी अर्ध्या फाटकातून आत गेली आणि फाटक लागले.

बाहेर पालक होते. बिलोलीचे, औशाचे, कुठकुठचे. सगळ्यांची पोरे आत होती आणि कोणालाच काही काम नव्हते. भावाने बॉनेट उघडताच ते जीपभोवती जमले. औशाच्या एका मास्तरांनी पंपाला दोष दिला. बिलोलीच्या व्यापाऱ्याने हळदीचे प्रमाण विचारून घेतले. त्याचीही गाडी गळत होती. भावाने केस पहिल्यापासून सांगायला घेतली. कोणीतरी क्लासच्या बागेतला पाइप आणला, कोणीतरी तो रेडिएटरला उलट्या बाजूने लावला, आणि पिवळा ओघळ फाटकासमोरून रस्त्यावर आला. वॉचमनही येऊन दोन सूचना देऊन गेला.

पुतणीची निवड झाली, पण ते आम्हाला पुढच्या आठवड्यात कळले. त्या दिवशी पेपर सुटला तेव्हा फाटकाकडे तोंड करून फक्त वहिनी उभ्या होत्या. बाकी सगळ्यांच्या पाठी होत्या. पोरे बाहेर येऊन आपापल्या वडिलांच्या पाठी ओळखू लागली.

"कसा गेला?" वहिनींनी विचारले.

"चांगला गेला. दोन प्रश्न राहिले." पुतणीने गर्दीकडे मान केली. "ह्यांचं झालं का?"

बॉनेटखालून भावाचा आवाज आला.

"अजून पिवळं येतंय."