बर्फाच्या पिशवीतलं इन्सुलिन

"अण्णा, खरं बोला. गूळ खाता ना?"

डॉक्टरांचा आवाज चढला की पार्टिशनपलीकडे माझ्या मेडिकलच्या काउंटरवर स्पष्ट ऐकू येतो. डॉक्टरांसमोर शंकरअण्णा होते, कराडजवळच्या एका गुऱ्हाळावरचे गुळवे. गुळव्या म्हणजे काहिलीतला, रस उकळायच्या मोठ्या कढईतला पाक कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस. उन्हाळ्यात त्यांना डायबेटिस निघाला. गोळ्यांनी भागेना, म्हणून इन्सुलिन सुरू झालं. तरी शुगर उतरेना. त्यात पायाच्या अंगठ्याला चटका बसलेला, आणि जखम चिघळत चाललेली.

"देवाशप्पथ डॉक्टर, बोटबी चाटत न्हाई."

"गुळव्यानं हे मला सांगायचं?" डॉक्टरांनी डोस पुन्हा वाढवला. "येत्या आठवड्यात फरक नाही पडला, तर अंगठा काढावा लागेल."

अण्णा काउंटरवर आले. मी हसत म्हणालो, "आता काकवी सोडा, अण्णा." मी नेहमीसारखी इन्सुलिनची बाटली बर्फाचे तुकडे घालून पिशवीत बांधली आणि दिली. माझं ते हसणं अजून टोचतं.

रविवारी घरचा गूळ आणायला मी त्याच गुऱ्हाळावर गेलो. मालकानं रसाचा ग्लास पुढं केला. "आवं, आमच्या अण्णांना जरा सांगा. चोरून ढेपच्या ढेप उडवत्यात वाटतं!"

"मालक, ढेप काय मी खिशात घालू व्हय?" अण्णा काहिलीजवळून ओरडले. पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का, ते बोटांनी बघत होते. जिभेला काही लावत नव्हते.

जेवायची वेळ झाली. अण्णांनी रसाच्या बर्फासाठी ठेवलेला डीप फ्रीजर उघडला आणि आतून इन्सुलिनची बाटली काढली. दगडासारखी गोठलेली. तळहातात धरून ती पातळ करायला लागले.

"हे काय, अण्णा?"

"तुमीच तर बर्फात घालून देताय की. मग मीबी बर्फातच ठेवतो."

मी बाटली हातात घेतली. हे इन्सुलिन हलक्या हातानं फिरवलं की दुधासारखं एकसारखं दिसायला हवं. यात नासलेल्या दुधासारख्या गाठी होत्या. इन्सुलिन एकदा गोठलं की कामातून जातं. नंतर पातळ झालं तरी उपयोग नाही. बर्फ फक्त रस्त्यात ऊन लागू नये म्हणून असतो. हे मी अण्णांना कधीच सांगितलं नव्हतं.

खरं सांगतो, गुपचूप नवी बाटली द्यावी, असं मनात आलं. कुणाला कळलंही नसतं. पण डॉक्टरांनी वाढवलेला डोस नासक्या औषधावर वाढवलेला होता. तेवढंच चांगलं इन्सुलिन अंगात गेलं असतं, तर शुगर एकदम खाली येऊन अण्णा जाग्यावर कोसळले असते.

"अण्णा, ती सुई टोचू नका. चूक माझी आहे. चला, डॉक्टरांकडं."

"आत्ता? काहील उतरायची हाय."

"उतरवा. मी थांबतो."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "बर्फ दिलात. घरी कुठं ठेवायचं ते सांगितलंत?"

"नाही."

त्यांनी अण्णांचा कागद पुढं ओढला. मग डोस कमी करून लिहिला, रोज शुगर तपासायला सांगितली. आणि अण्णांकडं वळले. "मीही तुम्हाला उगाच खोटं ठरवलं."

गुऱ्हाळावर साधा फ्रीज नव्हता. म्हणून काहिलीखालच्या चुलाणापासून लांब, सावलीत, गारव्यासाठी ओल्या वाळूत एक मडकं पुरलं. नवी बाटली पाणी लागू न देता त्यात ठेवली. शुगर उतरायला लागली. जखम भरली. अंगठा शाबूत राहिला. सीझन संपता संपता अण्णा मालकाला सगळ्यांसमोर म्हणाले, "माझा रिपोर्ट बघितला न्हवं? आता तुमचीबी शुगर तपासू. सकाळधरनं कितवा ग्लास हा?"

मालकानं ग्लास खाली ठेवला. गुऱ्हाळ हसून लोटपोट.

हल्ली इन्सुलिन देताना मी आधी विचारतो, घरी कुठं ठेवणार? गिऱ्हाईक घाईत असतं, वैतागतं. वैतागू दे.