सातव्या मजल्यापर्यंतचा चेहरा

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये आरसा आहे. बिल्डरने काय काय कबूल केलं होतं आणि काय काय दिलं हा विषय मी काढला की बायको उठून आत जाते, म्हणून तो सोडू. पण आरसा दिला, आणि सुकापूरला राहायला आल्यापासून त्याच्यासमोर माझा रोजचा प्रयोग सुरू झाला.

मी द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात कंटेनरचे कागद बघतो. दिवसभर माणसंच माणसं: भुवया उडवत ओरडणारा मॅनेजर, रडक्या हिंदीतले ट्रान्सपोर्टवाले, दर वाक्याला 'बरं का' जोडणारा एजंट. संध्याकाळपर्यंत ही मंडळी माझ्या अंगात शिरलेली असायची. लिफ्टचं दार बंद झालं की मी एकेकाला बाहेर काढायचो. मॅनेजरच्या भुवया, एजंटची मान, कधी बसमध्ये शेजारी घोरणाऱ्या गृहस्थाचा लोंबता जबडा. सातवा मजला आला की तोंडावरून एकदा हात फिरवायचा, सगळे पुसले जायचे. बायको दार उघडून विचारायची, "एकटेच आलात ना?"

"एकटाच."

"मग या आत."

आमचा संसार सुरळीत चालण्याचं गुपित, असलंच तर, एवढंच होतं.

मग पार्किंगमधून कुणाची तरी सायकल गेली. मीटिंग भरली. आमचे सेक्रेटरी निवृत्त आहेत, आवाज मात्र अजून नोकरीत आहे. ते म्हणाले, "ज्याला काही लपवायचं नाही, त्याने हात वर करावा!" आता अशा वेळी हात खाली ठेवण्याची कुणाची छाती आहे? मी तर दोन्ही वर केले. गेटवर, जिन्यात, गच्चीवर, लिफ्टमध्ये कॅमेरे बसले, आणि पारदर्शक कारभार म्हणून ते प्रत्येक सभासदाच्या मोबाईलवर दिसू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर ते टीव्हीलाच जोडून घेतले. भाजी निवडताना त्यांना मालिकांपेक्षा आमची लिफ्ट बरी वाटे. मध्ये जाहिराती नसत.

मी आपला सवयीने भुवया उडवत वर गेलो, आणि जेवायच्या आत माझा मॅनेजर सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता. सकाळी वॉचमनने उठून सलाम ठोकला. "साहेब, तुमी लय भारी करता. आमी केबिनमंदी बगतो ना, हसून हसून पोट दुकतं."

लाज वाटायला हवी होती. मला भयंकर आनंद झाला. एवढं गिऱ्हाईक मला आयुष्यात मिळालं नव्हतं. मी लिफ्टमध्ये शिरताना वाकून नमस्कार करू लागलो. कॅमेरा दाराच्या वर, म्हणजे आरशाच्या बरोबर समोर. तेव्हा मी आरशाकडे पाठ केली. गणपतीत मला स्टेजवर बोलावून 'लिफ्टमधले आमचे कलाकार' म्हणून नारळ दिला.

फक्त तोंडावरून हात फिरवायचं राहून जाऊ लागलं. प्रेक्षकांसमोर कोण रंग पुसतो? एकदा बायकोने दारात नेहमीचं विचारलं आणि मी एजंटच्या आवाजात म्हणालो, "एकटाच, बरं का." ती हसली नाही.

शिरढोणला माझी ताई असे. नकला मला तिने शिकवल्या. लहानपणी वडिलांना अगदी गंभीरपणे वाढायची, आणि त्यांनी मान खाली घातली की त्यांचीच भुवई मला करून दाखवायची. हसलो म्हणून मार मी खायचो. एका संध्याकाळी मी गेटमधून आत येत असताना भाच्याचा फोन आला. "मामा, आई गेली." सकाळी तर ती भावाला, म्हणजे मला, फोनवर शिव्या देत होती.

मी लिफ्टमध्ये शिरलो. दार बंद झालं आणि रडू फुटलं. पोटातून आलं, खरं होतं, निदान निघालं तेव्हा तरी. मग माझी हनुवटी वर झाली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाय अर्धं पाऊल डावीकडे सरकला, उजेड पडतो तिथे. आणि तिथे रडू अधिक चांगलं येऊ लागलं.

बायकोने दार उघडलं ते हसतच. हातात मोबाईल. काकूंनी लिहिलं होतं, 'लवकर बघा, आज रडण्याचा आयटम!'

"अहो, कमाल केलीत! कोण हो हे?"

"ताई गेली," मी म्हणालो.

"पुरे आता, चहा गार होतोय."

"अगं, ताई गेली."

तिचं हसू जागचं हलेना. ती ज्याच्यावर विश्वास ठेवील असा आवाज मी शोधू लागलो. एवढे आवाज येतात मला, पण तो एक काही सापडेना. शेवटी भाच्याला फोन लावून मी तिच्या कानाशी धरला. त्याचं ऐकून ती खाली बसली.

काकू धावत वर आल्या. "भाऊ, मला वाटलं तुमचं नेहमीचंच चाललंय! हात तुटो माझा." त्यांचं काही चुकलं नव्हतं. सेक्रेटरींनी ग्रुपवरची क्लिप काढून टाकायला लावली आणि सूचना दिली, की घरात दुःखद घटना घडल्यास सभासदांनी लिफ्टमध्ये शिरण्यापूर्वी ग्रुपवर कळवावं, म्हणजे गैरसमज टळतील. त्याखाली सगळ्यांनी अंगठे दिले. कॅमेरा काढा असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

क्लिप जाण्याआधी मी पाहून घेतली होती. ताईसाठीचं रडणं कुठे संपलं आणि आयटम कुठे सुरू झाला, ती जागा शोधत होतो. सापडली नाही. काम मात्र चांगलं झालं होतं. शिरढोणला चितेपुढे भाचा गळ्यात पडला तेव्हाही मी मान जराशी फिरवली. तिथे कॅमेरा नव्हता.

हल्ली मी जिन्याने चढतो. जिन्यातही आहेतच. लिफ्टमध्ये कधी आरशाकडे तोंड करून उभा राहिलो तर त्यात माझ्या डोक्यावरून कॅमेरा दिसतो. न्हाणीघरात कडी लावून तोंडावरून हात फिरवून पाहतो. हाताखालून जो निघतो तोही कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा दिसतो.

बायकोने ते विचारणं बंद केलं आहे. परवा तिने दार उघडल्यावर मीच म्हणालो, "एकटाच आलोय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागे, जिन्याच्या कोपऱ्यात वर कॅमेऱ्याचा लाल दिवा असतो तिकडे पाहिलं, आणि ओढणी सारखी केली.

"आत या," ती म्हणाली. "लोक बघतायत."